कॉन्व्हेंटच्या पाटीमागचा इतिहास



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे, पण सुरुवात आपण ओळखीच्या गोष्टीने करू. तुमसरहून सिहोऱ्याकडे आणि पुढे बपेऱ्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशच्या सीमेकडे निघालात की रस्त्याकडेच्या पाट्या वाचत चला. धानाची बांधी, राईस मिल, कृषी केंद्र, आणि मध्येच एखादी रंगीत पाटी. वर एखाद्या देवाचं किंवा संताचं नाव, आणि त्याला जोडून शब्द ‘कॉन्व्हेंट’. आपल्या विदर्भात या शब्दाचा अर्थ काय? केजी वन, केजी टू. ‘पोराला कॉन्व्हेंटमध्ये टाकलं’ असं आपण म्हणतो, आणि ते म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे ना चर्च असतं, ना सिस्टर. असतो तो टाय, बूट आणि ‘ए फॉर ॲपल’.

मूळ शब्दाचा अर्थ मात्र शाळा असा नाही. कॉन्व्हेंट म्हणजे व्रतस्थ धर्मभगिनी एकत्र राहतात ते घर. त्या घराला लागून त्यांनी शाळा काढली, लोकांनी घराचं नाव शाळेला दिलं, आणि पुढे घर गळून गेलं, नाव तेवढं राहिलं. एखादा शब्द गावोगाव रुजतो आणि त्याचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो, तेव्हा आमच्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला चैन पडत नाही. म्हणून आज आपण कॅथलिक धर्मग्राम आणि त्याची शाळा यांचा महाराष्ट्रातला इतिहास पाहणार आहोत.

‘धर्मग्राम’ हा आमचा शब्द नव्हे. वसईचे मराठी कॅथलिक ‘पॅरिश’साठी तो वापरतात, आणि शब्द फार नेमका आहे. ठरलेल्या सीमा, त्या सीमांतली कुटुंबं, एक चर्च, एक प्रमुख धर्मगुरू, आणि बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदवह्या. गावाच्या आत वसलेलं दुसरं गावच म्हणा ना. या गावाला शाळा का लागली, आणि ती कुणासाठी उघडली, हे आपले आजचे प्रश्न. त्यासाठी तीन ठिकाणी जाऊ: वसई, कामठी-नागपूर, आणि नगर जिल्हा.

वसई: गायनापासून ग्रंथापर्यंत

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, चर्चेस उभी राहिली. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ सालचं. चर्चबरोबर शाळाही आली, पण ती आजच्यासारखी नव्हती. मुलांनी प्रार्थना पाठ करायच्या, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं म्हणायची, आणि उपासनेत गायचं. थोडं वाचन, थोडं लेखन. शाळा चर्चसाठी होती, यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

तरी शाळा ही गोष्टच अशी, की मुलगा तिथून कुठे जाईल हे शाळा काढणाऱ्याच्या हातात राहत नाही. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकला, कोवळ्या वयात जपानला गेला, तिथे व्यापारही केला, आणि शेवटी फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आलं, आणि १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत वसईचा, ही गोष्ट आपल्या किती पाठ्यपुस्तकांत आहे?

आता भाषेचं बघा. गोव्यात त्याच सुमारास थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण मराठीत रचलं. १६१६ साली ते रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला पुराण ऐकायची सवय होती. स्टीफन्सने ती सवय मोडली नाही, तिच्यातूनच वाट काढली. पुढे सत्तर वर्षांच्या आत, १६८४ साली, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. एकाच धर्माची, एकाच सत्तेच्या छायेतली ही दोन उत्तरं. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या भाषेत यावं, की शिकणाऱ्याने आपली भाषा दाराबाहेर ठेवून आत यावं? हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी तो आपल्याच दारात येणार आहे.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपीय धर्मगुरू गेले, पण धर्मग्राम मोडले नाहीत. गोव्याकडचे देशी धर्मगुरू पुढे ते सांभाळत राहिले. राजाश्रय गेल्यावरही जो समाज आपली घंटा वाजवत राहतो, तो नुसत्या जबरदस्तीने बांधलेला नसतो, एवढं तरी इतिहासाने मान्य करायला हवं. तो निव्वळ प्रेमाने बांधला गेला, असंही मात्र कुणी म्हणू नये. पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली, ही नोंदही त्याच इतिहासातली आहे. दोन्ही पानं एकाच वहीतली आहेत.

पुढे वसई १८८६ साली दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ साली मुंबईत आली, आणि १९९८ साली तिचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या काळात तिथल्या धर्मग्रामांनी मराठी माध्यमाच्या शाळा चालवल्या. घरात सामवेदी बोली, ज्याला कादोडी म्हणतात; शाळेत प्रमाण मराठी; आणि चर्चमध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, लॅटिन. केळीची बाग शिंपणारा, पानवेल लावणारा, भाजी घेऊन लोकलने मुंबईला जाणारा शेतकरी. त्याचं पोर या तीन भाषांत वाढत होतं.

त्यातूनच काय उगवलं, त्याचं एक उदाहरण. १९४२ साली नंदाखालला जन्मलेला एक मुलगा तिथल्याच मराठी शाळेत शिकला, धर्मगुरू झाला, ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन अनेक वर्षं केलं, वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरला, आणि संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणलं. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावरचे पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड झाली तेव्हा विरोधाचे सूरही निघाले. मराठी साहित्याच्या मंचावर पाद्री कशाला, असा त्या सुरांचा अर्थ. चारशे वर्षं ज्या भाषेत ओव्या रचल्या, तिच्या अंगणात यायला अजून परवाना दाखवावा लागतो, मंडळी. दिब्रिटो २०२४ साली गेले.

कामठी आणि नागपूर: छावणीतली शाळा

आता आपल्याकडे या. विदर्भातल्या कॅथलिक शाळेचा जन्म छावणीच्या सावलीत झाला. कामठीची छावणी १८२१ सालची, आणि तिथे मद्रासकडची फौज असायची. त्या फौजेत आयरिश कॅथलिक होते, दक्षिणेकडचे तामीळ कॅथलिक होते, आणि त्यांचा बाजारबुणगाही होता. त्यांना मिस्सा हवी, लग्न लावायला धर्मगुरू हवा, पोरांना शाळा हवी.

हे धर्मगुरू आले कुठून? आल्प्सच्या पायथ्याशी सावॉय नावाचा मुलूख आहे. तिथल्या आनसी गावी पीटर मर्मिये यांनी १८३८ साली सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ काढला. तो मुलूख तेव्हा फ्रान्समध्येही नव्हता. या डोंगरी माणसांची पहिली तुकडी १८४६ साली विशाखापट्टणमला उतरली. तीन वर्षांनी, १८४९ साली, त्याच आनसीच्या सेंट जोसेफ संघाच्या भगिनी यानमला आल्या. विशाखापट्टणमपासून नागपूरपर्यंतचा सगळा जंगल-डोंगराचा प्रदेश या मूठभर माणसांकडे होता, आणि तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७० साली, नागपुरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा सुरू झाली. तीच आपली ‘एसएफएस’. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि १९५३ साली महाधर्मप्रांत.

या शाळेचं माध्यम इंग्रजी होतं, कारण तिची पहिली मुलं छावणीतली, रेल्वेतली. वसईची शाळा शेतकऱ्यांच्या समाजातून उगवली, म्हणून ती मराठी झाली. नागपूरची शाळा नोकरीपेशाच्या वस्तीतून उगवली, म्हणून ती इंग्रजी राहिली. धर्म तोच, संस्था त्याच चर्चची, पण दोघींचं शील वेगळं. मग हळूहळू नागपुरातले वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी यांच्या लक्षात आलं की इथली इंग्रजी चांगली आहे, शिस्त कडक आहे. त्यांची मुलं आली. ती ख्रिस्ती व्हायला आली नव्हती आणि झालीही नाहीत. आणि ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाने नागपूर सोडून भंडारा, तुमसर, बपेरा असा प्रवास सुरू केला.

नगर: मास्तरची शाळा

तिसरं ठिकाण नगर जिल्हा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. इथला प्रकार दोन्हींहून निराळा.

आधी एक जुनं प्रकरण. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, आणि तो नाकारला गेला. कायद्याच्या पुस्तकात शाळा सर्वांची होती. ओसरीवर मात्र ती सर्वांची नव्हती. मुंबई इलाख्यातल्या कितीतरी गावांत पुढे अनेक दशकं हेच चाललं.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन आधीपासून, १८३१पासून, काम करत होतं. १८७८च्या सुमारास जर्मन जेझुइट फादर ओटो वाइसहाउप्ट राहुरीजवळच्या केंदळ भागात आले आणि कॅथलिक मिशनची सुरुवात झाली. मग वळण, संगमनेर, हरेगाव अशी केंद्रं उभी राहिली. येणारी कुटुंबं बहुतेक महार, काही मांग. दुष्काळात लोक धान्यासाठी आले, असं एक म्हणणं. हो, आलेही असतील. भुकेल्या माणसाने अन्नाकडे जावं यात त्याला कमीपणा आणणारं काय आहे? कमीपणा आणायचाच असेल तर ज्या गावाने त्याला विहिरीवर येऊ दिलं नाही, त्या गावाला आणा.

इथल्या शाळेचा नायक फादर नव्हे, मास्तर. मिशनमध्ये शिकलेला, बहुधा त्याच समाजातला एक माणूस. दिवसा वस्तीत पोरांना बाराखडी, पाढे. संध्याकाळी प्रार्थना, धर्मशिक्षण. मधल्या वेळात कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाचं पत्र वाचून दाखव. इमारत म्हणाल तर एखादी खोली, नाहीतर झाड. १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक निघालं. ते काढणारे फादर हेन्री डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. त्यांचीही गंमत बघा. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनरी इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू ठरले. कित्येकांना नजरकैदेत ठेवलं, आणि १९१६ साली ‘गोलकोंडा’ जहाजाने मायदेशी पाठवलं. डोरिंग नंतर जपानमध्ये हिरोशिमाला बिशप म्हणून गेले आणि १९२७ साली परत पुण्याला आले. मिशनरी जहाजांनी येत-जात राहिले. वस्तीतला मास्तर जागेवर होता, कारण तो तिथलाच होता.

१९८७ साली नाशिकचा धर्मप्रांत निर्माण झाला, आणि त्याचे पहिले बिशप झाले थॉमस भालेराव. आडनाव ऐका. एका शतकाच्या थोड्याशा पलीकडे, झाडाखालच्या शाळेपासून बिशपच्या आसनापर्यंत हा समाज आला.

पण हिशेब इथे संपत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता राहिला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार-मांग मात्र आजही त्याच्या बाहेर आहे. धर्म बदलल्याने जात जाते असं कायदा मानतो. गाव मानत नाही. आणि कडू सत्य असं की चर्चमध्येही कित्येक ठिकाणी बाकांवर आणि स्मशानात ती जात डोकावलेली आहे.

१९५६: एक वर्ष, तीन घटना

आता आपल्या नागपूरचं एक वर्ष सांगतो. १९५६. तेव्हा भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. त्या मध्य प्रदेश सरकारने १९५४च्या एप्रिलमध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. समिती ७७ केंद्रांवर फिरली, सुमारे ७०० गावांतल्या ११,३६० लोकांना भेटली. कॅथलिक बाजूने पुढे असहकार केला आणि चौकशीलाच न्यायालयात आव्हान दिलं. ते टिकलं नाही. १९५६ साली अहवाल आला. त्याचं सार असं, की शाळा आणि दवाखाने ही धर्मांतराची साधनं झाली आहेत, आणि ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य उद्देश धर्मांतर हाच आहे, त्यांना परत पाठवावं.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते, आणि आपण त्यांना पाडलं होतं. आणि १ नोव्हेंबरला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, बालाघाट पलीकडे राहिला. बपेऱ्याजवळची सीमा तेव्हापासूनची.

नियोगी समितीने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. शाळेत येणाऱ्या गरीब मुलाच्या गरजेचा वापर त्याचा धर्म बदलायला करणं हे त्याच्या स्वातंत्र्याचा अपमान करणं आहे. कांटच्या भाषेत, माणसाला केवळ साधन म्हणून वापरणं. आपल्या घटनेच्या २८व्या कलमानेही अनुदानित शाळेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देण्यावर बंदी घातली आहे, आणि ती योग्य आहे.

पण कांट उलटाही लागू होतो. शाळा काढणाऱ्याचा हेतू काय होता, एवढ्यावरच आपण थांबलो, तर शिकणाऱ्याला आपणही साधनच समजतो. जणू त्याला स्वतःची बुद्धी नव्हती, जणू तो फसला तरी किंवा विकला तरी गेला. झाडाखाली बाराखडी गिरवणाऱ्या पोराच्या बापाने काही ठरवलं होतं की नाही? १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आलेल्या माणसाने ठरवलं होतं, हे आज आपण आदराने मान्य करतो. मग केंदळच्या माणसाला तेवढंच श्रेय द्यायला काय हरकत आहे? हेतू देणाऱ्याचा असतो. शिक्षण एकदा घेतलं, की ते घेणाऱ्याचं होतं, आणि त्याचं काय करायचं हे तोच ठरवतो.

आज दार कुणासाठी?

आता आजचा हिशेब. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. २००९चा शिक्षण हक्क कायदा आला. त्यात खासगी शाळांनी २५ टक्के जागा दुर्बल घटकांना द्याव्यात अशी तरतूद आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही असं ठरवलं. कायद्याचा मुद्दा आम्ही समजू शकतो. पण नगरच्या मास्तरला हे कसं समजावून सांगायचं? ज्याला कुणी आत घेत नाही त्याच्यासाठी त्याची शाळा होती. शहरातल्या कित्येक शाळांत आज फी भरू शकणाऱ्यांची रांग आहे, आणि दाराबाहेर उभा आहे तो त्या मास्तरचा पणतू. चर्चमधल्याच अनेक विचारी माणसांना ही टोचणी आहे.

आणि भाषा? वसईच्या मराठी शाळांची मुलं इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत. मराठीत बायबल आणणारा माणूस ज्या बाकावर घडला, त्या बाकावर बसायला आता मुलं शोधावी लागतात. पण बोट दुसऱ्याकडे दाखवण्याआधी सांगून टाकतो. आमचे वडील याच तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते, आम्ही मराठी शाळेत शिकलो, आणि आमचा नातू कॉन्व्हेंटमध्ये जातो. तो ‘आजोबा, सत्त्याऐंशी म्हणजे किती?’ असं विचारतो, आणि आम्ही ‘एटी सेव्हन’ म्हणून मोकळे होतो. गोव्याच्या व्हाइसरॉयला फर्मान काढावं लागलं होतं. आमच्या घरी फर्मानाशिवाय झालं.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. प्रत्येक जुन्या शाळेत, मग ती मिशनची असो, जिल्हा परिषदेची असो, दाखलखारीज रजिस्टर असतं. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा वहीइतकंच ते मोलाचं आहे, कारण कितीतरी घराण्यांत कागदावर आलेलं पहिलं नाव तेच आहे. आपापल्या गावात जा. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्या. पहिलं पान उघडा, आणि आपल्या वस्तीतून पहिलं मूल शाळेत कोणत्या साली आलं ते बघा. ते किती वर्षं टिकलं, ‘कारण’ या रकान्यात काय लिहिलं आहे, तेही बघा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्या नावाबद्दल विचारा. वाळवी आधी पोचते की आपण, एवढाच प्रश्न आहे.